युद्धाच्या काळातली निवडणूक, उमेदवार आणि पोल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सीमेवर काही झालं की आपल्या नागपुरात सगळ्यात आधी आठवतं ते कोणाचं पोरगं कुठं पोस्टिंगला आहे. कामठीला गार्ड्सचं सेंटर आहे, वायुसेना नगरला मेंटेनन्स कमांड आहे, अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्यामुळे फौजेशी संबंध नाही असं मोहल्लं शोधावं लागते. आणि त्यात निवडणूक जवळ असली की तर्री पोह्याच्या ठेल्यावर दुसरी चर्चा सुरू होते, आता याले किती सीटा अन् त्याले किती. हे प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेले, लग्नात, बसस्टॉपवर, एकदा तर मोक्षधामच्या बाहेर, की एकदाचं नीट लिहून काढलं.

आधी सांग, तू कोणाच्या बाजूचा?

मी मत देतो आणि बहुतेक वेळा माझं मत महिनाभर आधीच ठरलेलं असतं, म्हणजे तटस्थ वगैरे मी नाही. पण मी कोणाचा कार्यकर्ता नाही, कोणाची पावती फाडलेली नाही. एका बाबतीत मात्र मी पक्का एकतर्फी आहे. युद्ध चालू आहे म्हणून उमेदवाराला प्रश्न विचारायचा नाही, विचारला तर तू शत्रूचा, असं जो म्हणतो तो चुकीचं म्हणून राहिला, मग तो मी ज्याला मत देतो त्याच पक्षाचा का असेना.

युद्ध झालं की सरकारमधला पक्ष जिंकतेच ना? मग पोल पाहायचेच कशाला?

हा नंबर एकचा प्रश्न, आणि याचं उत्तर नागपूरकरानं तरी दुसरीकडे शोधायला नको.

१९९९ घ्या. १७ एप्रिलला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. म्हणजे कारगिल झालं तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं आणि निवडणूक येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मे ते जुलै लढाई, २६ जुलैला विजय, अन् सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मतदान. टीव्हीवर पहिल्यांदाच घराघरात युद्ध दिसलं होतं, शवपेट्या गावोगावी आल्या होत्या, लोक रडले होते, मीही रडलो होतो. सगळे म्हणत होते लाट आहे लाट.

आता आकडे बघा. भाजपला १९९८ ला १८२ सीटा होत्या, कारगिलनंतर १९९९ ला किती? १८२. तेवढ्याच. स्वतःची मतांची टक्केवारी तर साडेपंचवीसवरून पावणेचोवीसच्या आसपास खाली आली, त्याचं एक कारण असं की मित्रपक्षांना सीटा जास्त सोडल्या होत्या. उत्तर प्रदेशात ५७ वरून २९ वर आले. काँग्रेसची मतं वाढली आणि सीटा मात्र १४१ वरून ११४ झाल्या. सरकार वाजपेयींचंच आलं आणि चांगल्या बहुमतानं आलं, पण ते आघाडीच्या गणितावर आलं, आंध्रात चंद्राबाबू सोबत होते त्याचा मोठा वाटा. कारगिलचा उपयोग अजिबात झाला नाही असं मी म्हणत नाही, वाजपेयींची प्रतिमा उंचावली हे खरं आहे, फक्त लाट म्हणून जे सांगतात ते आकड्यात तसं दिसत नाही.

आणि नागपूर? नागपूरनं त्या वर्षी काँग्रेसचे विलास मुत्तेमवार निवडून दिले. संघाचं मुख्यालय या शहरात, फौजेची एवढी घरं या शहरात, आणि कारगिलनंतर दोन-तीन महिन्यांत हा निकाल. त्यात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूकही सोबतच होती. त्याच माणसानं त्याच दिवशी दोन मतं दिली. लोकसभेत राज्यातून भाजप-शिवसेना युतीचे २८ खासदार गेले अन् विधानसभेत युतीचं सरकार गेलं, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. मतदार एका डोक्यात दोन हिशोब ठेवतो. माझा सगळा विश्वास या एका गोष्टीवर आहे, म्हणून इतकं लांबलं.

पण १९७१ ला तर इंदिराजींना ३५२ सीटा युद्धामुळेच मिळाल्या ना?

नाही. हे इतके जण इतक्या खात्रीनं सांगतात की वाईट वाटते. लोकसभेची निवडणूक मार्च १९७१ ला झाली, गरिबी हटावच्या घोषणेवर. युद्ध ३ ते १६ डिसेंबर १९७१. नऊ महिने नंतर. युद्धाचा फायदा ज्या निवडणुकीत झाला ती मार्च १९७२ ची, विधानसभांची, त्यात काँग्रेसनं राज्यांमागून राज्यं घेतली. आणि हो, १९७१ च्या त्या इंदिरा लाटेतही नागपूरनं जांबुवंतराव धोट्यांना निवडून दिलं होतं, वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर. आपलं शहर लाटेत वाहत जात नाही, कधीकधी उलटं पोहते.

मग युद्ध सुरू झाल्यावर पोलमध्ये नेत्याचा आकडा एकदम वर कसा काय जाते?

कारण त्या वेळी लोक नेत्याबद्दल उत्तर देतच नसतात. फोनवर कोणी विचारलं की अमुक नेत्याचं काम पसंत आहे का, आणि बाहेर सायरन वाजून राहिला, तर माणूस "हो" म्हणतो, त्याला म्हणायचं असतं की मी देशासोबत आहे. अमेरिकेत जॉन म्युलर नावाच्या अभ्यासकानं १९७० ला यावर लिहिलं, झेंड्याभोवती गोळा होणं असं त्याला म्हणतात, आणि त्याचं मुख्य सांगणं हेच की हा उसळलेला आकडा हळूहळू उतरतो.

सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुशचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या आधी गॅलप या पोल घेणाऱ्या संस्थेच्या पोलमध्ये पसंती ५१ टक्के, दोन आठवड्यांत ९० टक्के. ते दोन आठवड्यांत नवीन काही शिकून हुशार झाले नव्हते, लोक घाबरले होते. मग घसरण. मार्च २००३ ला इराकवर हल्ला, पुन्हा ७१ वर. पुन्हा घसरण. डिसेंबर २००३ ला सद्दाम सापडला, थोडी उसळी. २००४ च्या उन्हाळ्यात अबू घरेबच्या तुरुंगातले फोटो बाहेर आले तेव्हा पन्नाशीच्या खाली. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा लहान, हे लक्षात घ्या.

आणि त्यांच्या वडिलांचं तर अजून मोठं उदाहरण आहे. १९९१ ला आखाती युद्ध जिंकलं तेव्हा पसंती ८९ टक्के. त्या वेळी विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे मोठमोठे नेते उभंच राहायचं नाही म्हणाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९२ ला, मंदीच्या रागात लोकांनी थोरल्या बुशना साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास मतं दिली आणि क्लिंटन निवडून आले. ८९ पाहून जे घरी बसले त्यांनी पोल वाचला पण तारीख वाचली नाही. पोल वाचताना मी आता सगळ्यात आधी तारीखच पाहतो, मग आकडा.

उमेदवार स्वतः फौजेतला असला तर त्याच्यावर युद्धाबाबत टीका होऊच शकत नाही, बरोबर?

जॉन केरीला विचारा. २००४ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी केरी विरुद्ध बुश. केरी व्हिएतनामला जाऊन लढलेला माणूस, सिल्व्हर स्टार, ब्रॉन्झ स्टार, जखमी झाल्याबद्दल तीन पर्पल हार्ट. बुश तेव्हा देशातच नॅशनल गार्डमध्ये होते. आपल्याला वाटेल की निदान या मुद्द्यावर केरीला कोणी बोट लावू शकत नाही. तर ऑगस्ट २००४ मध्ये नेमकी त्याच्या पदकांवरच जाहिरातींची मोहीम चालली, की पदकं खरी नाहीत म्हणून. नौदलाच्या नोंदी त्याच्या बाजूनं होत्या. पण उत्तर द्यायला त्यानं उशीर केला आणि पोल सरकले.

केरीची खरी कमजोरी वेगळी होती आणि ती विचारायलाच पाहिजे होती. ऑक्टोबर २००२ ला त्यानं इराक युद्धाच्या परवानगीच्या बाजूनं मत दिलं, नंतर त्याच युद्धाच्या खर्चाच्या ८७ अब्ज डॉलरच्या विधेयकाला विरोध केला, आणि विचारल्यावर म्हणाला की आधी मी बाजूनंच मत दिलं होतं. याच्यावर मतदारानं त्याला पकडलं तर ते रास्त आहे. माझा मावसभाऊ तेव्हा न्यू जर्सीला होता, तो सांगायचा की ऑफिसात दोन्हीकडचे लोक पदकांवर भांडायचे आणि युद्ध कधी संपणार, पैसा कुठून येणार हे कोणीच विचारायचं नाही. मला याचंच दुःख होते. शिपायाच्या जुन्या जखमेची खोटी चर्चा महिनाभर चालली आणि नवीन जखमी होणाऱ्या पोरांची चर्चा राहून गेली.

एक्झिट पोल तर मतदान झाल्यावरचा असतो, तो कसा चुकेल?

त्याच २००४ ला चुकला ना. मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आकडे फिरत होते की केरी पुढं आहे. निकाल आला तेव्हा बुश ५०.७ टक्के, केरी ४८.३. राज्याराज्यातून जी निर्वाचक मतं मिळतात, ज्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो, त्यात बुश २८६, केरी २५१. ओहायो राज्यात सव्वा लाखाच्या आतलं अंतर आणि तेच निर्णायक. नंतर पोल घेणाऱ्यांनीच आपला अहवाल काढला, त्यात निघालं की बूथबाहेर फॉर्म भरून द्यायला केरीचे मतदार जास्त तयार होते, बुशचे मतदार मान खाली घालून निघून जायचे. म्हणजे मतमोजणीत घोटाळा म्हणून जे ओरडत होते त्यांना आधी ही साधी गोष्ट पाहायला पाहिजे होती.

आपल्याकडचं तर काय सांगू. २००४ ला इंडिया शायनिंगच्या वेळी एनडीए परत येणार असंच सगळे सांगत होते, आणि काँग्रेस १४५, भाजप १३८ असा निकाल लागला. २०२४ ला साडेतीनशे, चारशेच्या गोष्टी सुरू होत्या, एनडीए २९३ वर थांबली. चूक एकाच पक्षाच्या बाजूनं होते असं नाही. आपल्याकडं लोक अनोळखी माणसाला खरं सांगत नाहीत, गावात तर मुळीच नाही, आणि युद्धाच्या वातावरणात अजून कमी सांगतात, कारण "मी सरकारविरुद्ध मत दिलं" हे बोलायची भीती वाटते. म्हणून युद्धाच्या वेळी सरकारच्या बाजूचा पोल थोडा फुगलेला असू शकतो हे मनात ठेवायचं.

कायदा पण माहीत असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ, मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्याच्या अर्धा तासानंतरपर्यंत एक्झिट पोल छापता किंवा दाखवता येत नाही. तेव्हा सात टप्प्यांची निवडणूक चालू असताना तुमच्या मोबाइलवर पहिल्या टप्प्याचा "एक्झिट पोल" आला तर तो एकतर बेकायदा नाहीतर खोटा.

मार्जिन ऑफ एरर म्हणजे काय ते सोपं करून सांगा.

हजार लोकांना विचारलं तर आलेला आकडा साधारण तीन टक्के इकडे, तीन टक्के तिकडे चुकू शकतो. अ ला ४७ आणि ब ला ४५ असेल तर अ पुढे आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण तीन टक्के दोघांनाही लागू आहेत. आणि आपल्याकडं तर पुढचं अवघड काम मतांवरून सीटा काढायचं, तिरंगी लढतीत दोन टक्के सरकले की वीस सीटा इकडच्या तिकडे. टीव्हीवाला सीटा सांगतो, मतं सांगत नाही. मतं विचारा.

युद्ध हरलं तर?

मग हिशोब लवकर होतो. फेब्रुवारी १९६२ ला उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी आचार्य कृपलानींना मोठ्या फरकानं पाडलं. त्याच ऑक्टोबरमध्ये चीननं हल्ला केला आणि मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढच्या वर्षीच्या पोटनिवडणुकांत विरोधी पक्षांचे कृपलानी अमरोह्यातून, लोहिया फर्रुखाबादमधून, मिनू मसानी राजकोटमधून निवडून आले, जौनपूरला दीनदयाळ उपाध्याय मात्र हरले. ऑगस्ट १९६३ ला कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. तो पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. नेहरूंनी तो होऊ दिला, चर्चा ऐकली, उत्तर दिलं. चिनी सैन्य येऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्या सभागृहात कोणी कृपलानींना चीनचा माणूस म्हणून बसवलं नाही.

आणि जिंकलं, पण नेता हरला, असं झालंय का?

ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल. मे १९४५ ला जर्मनी शरण आली तेव्हा त्यांची पसंती ८३ टक्के. ५ जुलैला मतदान, बाहेरदेशी असलेल्या सैनिकांची मतं यायची होती म्हणून मोजणी २६ जुलैला. समोरच्या लेबर पक्षाला ३९३ सीटा, चर्चिल घरी. जपानशी युद्ध तर अजून चालूच होतं. यात पोलवाल्यांसाठी गंमत नाही तर धडाच आहे, गॅलपचा ब्रिटनमधला पोल लेबर पुढे आहे असं सांगत होता, पण ज्यानं युद्ध जिंकलं तो हरेल कसा म्हणून त्याच्याकडं कोणी बघितलंच नाही. लोकांना चर्चिल आवडत होते आणि घर, दवाखाना, नोकरी यासाठी दुसरा पक्ष पाहिजे होता.

२०१९ ला बालाकोटचा परिणाम झाला की नाही?

झाला, माझ्या मते मोठा झाला. डिसेंबर २०१८ ला भाजपनं मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड तिन्ही गमावलं होतं. १४ फेब्रुवारीला पुलवामा, २६ ला बालाकोट, १० मार्चला निवडणूक जाहीर, २३ मेला ३०३ सीटा. त्याच राज्यांत भाजपनं जवळजवळ सगळं साफ केलं. फक्त बालाकोटमुळे म्हणणं पण बरोबर नाही, गॅस, घरकुल, समोर नेता कोण हे सगळं होतं. नागपुरात गडकरी पुन्हा आले, २०१४ ला सुमारे २ लाख ८४ हजारांनी आले होते, २०१९ ला सुमारे २ लाख १६ हजारांनी. इथं लोक पुलाबद्दल, मेट्रोबद्दल बोलत होते, तेही ११ एप्रिलला, पहिल्याच टप्प्यात मत देताना.

आणि त्याच ऑक्टोबरमध्ये विधानसभेला भाजप १२२ वरून १०५ वर आला. पाच महिने.

प्रचारात जवानांचे फोटो लावले तर चालते का?

नाही. निवडणूक आयोगानं ९ मार्च २०१९ ला सगळ्या पक्षांना पुन्हा कळवलं होतं की फौजेच्या जवानांचे फोटो पोस्टरवर वापरू नका. तरी एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना बालाकोटच्या वीर जवानांना आणि पुलवामाच्या शहिदांना मत समर्पित करायचं आवाहन केलं. तक्रार झाली, आयोगानं आचारसंहितेचा भंग नाही म्हटलं, आयुक्त अशोक लवासा यांनी वेगळं मत नोंदवलं. मला ते आवाहन तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जवान सगळ्यांचा आहे, ज्यांनी त्या पक्षाला मत दिलं नाही त्यांचाही. उद्या दुसऱ्या पक्षानं केलं तर हेच म्हणीन. पोस्टर दिसलं तर आयोगाच्या सीव्हिजिल ॲपवर फोटो टाका, शंभर मिनिटांत कारवाईचं सांगतात.

जवान स्वतः मत कसं देतात?

सर्व्हिस व्होटर म्हणून गावच्या यादीत नाव राहतं, पोस्टल मतपत्रिका आता ऑनलाइन पाठवतात, ती प्रिंट करून, भरून पोस्टानं परत.

युद्ध चालू असताना निवडणूक पुढं ढकलता येत नाही का?

आपल्याकडं आणीबाणी लागू असेल तर संसद कायदा करून लोकसभेची मुदत एकेका वर्षानं वाढवू शकते, कलम ८३. १९७६ ला तशी वाढवलीही होती, तेव्हा युद्ध नव्हतं हे वेगळं सांगायला नको. नुसतं युद्ध सुरू झालं म्हणून निवडणूक आपोआप थांबत नाही. युक्रेनच्या कायद्यात मात्र मार्शल लॉ असताना निवडणूक घेता येत नाही, म्हणून झेलेन्स्कींची मुदत मे २०२४ ला संपूनही तिथं मतदान झालं नाही. शहरांवर रोज क्षेपणास्त्रं पडत असताना, लाखो लोक देशाबाहेर असताना, रांगा कुठं लावणार, म्हणून मी त्यांना नाव ठेवत नाही. पण १८६४ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना लिंकननी निवडणूक घेतली. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं की मी बहुतेक हरणार. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं आणि चित्र फिरलं. तरी हरणार असं वाटत असताना निवडणूक पुढं ढकलली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

व्हॉट्सॲपवर बीबीसीच्या नावानं सर्व्हे आलाय, खरा समजू?

नको. २०१८ ला कर्नाटकात असाच फिरला होता, बीबीसीनं जाहीर सांगितलं आमचा नाही. किती लोकांना विचारलं, कधी विचारलं, कोणी पैसे दिले, या तीनपैकी एकही लिहिलेलं नसेल तर पुढं पाठवू नका बाप्पा.

घरात यावरून भांडण झालं, बोलणं बंद आहे. काय करू?

माझ्याही घरी झालं. २०१९ ला एका जवळच्या नातेवाइकानं मला सगळ्यांसमोर "पाकिस्तानात जा" म्हटलं, कारण मी विचारलं होतं की पुलवामाला रस्ता एवढा मोकळा कसा राहिला. दीड वर्ष आम्ही बोललो नाही. मग कोविड आला, त्याला बेड मिळत नव्हता, मी रात्री दोन वाजता गाडी घेऊन फिरलो. त्या विषयावर आम्ही आजही बोलत नाही, पण दिवाळीला फराळ जातो येतो. तुम्ही आधी फोन करा.

उमेदवार दारात आला तर विचारायचं काय?

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, मुलगा फौजेत. मागे एक उमेदवार आला, हार-फुलं, सोबत पन्नास पोट्टे, आल्या आल्या काकूंच्या पाया पडून म्हणाला वीरमाता आहात. काकू म्हणाल्या, बस बाबा, पाणी पी. मग विचारलं, माझ्या पोराची सुट्टी दोनदा रद्द झाली त्याचं मी काही म्हणत नाही, ते त्याचं काम आहे, पण त्याच्या बायकोचं बाळंतपण मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात झालं अन् वॉर्डात एका खाटेवर दोघी होत्या, त्याचं तू काय करशील? तो म्हणाला, काकू आत्ता देश महत्त्वाचा आहे. काकू म्हणाल्या, अरे तेच तर सांगून राहिली.